डाख कुठवर चालतो

ठाणे जिल्ह्यात ज्या घरांत आजोबांच्या काळापासून शस्त्रपरवाना चालत आला आहे, तिथल्या कपाटातून बहुधा इशापूरच्या कारखान्याची .315 बोअरची रायफल निघते. लष्कराच्या .303 ची काडतुसं सामान्य माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजी अमदानीत नागरिकांसाठी वेगळी बोअर रूढ झाली आणि स्वातंत्र्यानंतरही तीच चालू राहिली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, 1991 च्या दुरुस्तीने ती जवळजवळ बंदच केली, त्यामुळे ‘शिकारी रायफल’ हे आता नावापुरतं उरलं आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर घरी येते आणि पुन्हा कपाटात जाते. अशी एखादी रायफल फरशीवर आपटली आणि नळीच्या तोंडाशी असलेली माशीची, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या निशाणाची, बैठक हलली, तर बदलापूरच्या मालकाने काय करावं? लोकलने दुसरं स्टेशन उल्हासनगर. तिथे लेथवाले आहेत, डाखकामवाले आहेत, गॅस वेल्डिंगवाले आहेत, आणि ‘होणार नाही’ हा शब्द त्या बाजारात फारसा चालत नाही. मधलं स्टेशन अंबरनाथ. तिथे 1950 च्या दशकापासून आयुध निर्माणी आहे, जिथे वस्तू बनवण्याइतकंच महत्त्व ती तपासून नाकारण्याला असतं. या दोन स्टेशनांवरची दोन माणसं इथे समोरासमोर बसवली आहेत: उल्हासनगरच्या कॅम्पातले लेथवाले शेठ आणि निर्माणीतून निवृत्त झालेले एक तपासनीस काका. दोघेही कल्पित आहेत, पण त्यांचं म्हणणं कल्पित नाही. ते आपल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये रोज ऐकू येतं.

शेठ सुरुवातीलाच म्हणतात, “काका, बंदूक म्हणजे काही देवाघरची वस्तू नाही. एक नळी, तिच्या मागे एक बोल्ट, खाली लाकूड. नळीला बाहेरून आटे पाडलेत, ती पुढून पेटीत, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागात, फिरवून बसवली आहे. आम्ही हायड्रॉलिक पंपाचे दांडे करतो, डाय करतो, बंद पडलेल्या जर्मन मशिनचा गिअर नुसता बघून बनवतो. आमच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलं की लोक हसायचे, म्हणायचे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. पण फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी हाताला येईल ते करून हे शहर उभं केलं. 1949 मध्ये कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं तेव्हा आमच्याकडे कुठलं प्रमाणपत्र होतं? इथे तर एक माशी हलली आहे. तेवढ्यासाठी माणसाने रायफल मोडीत काढायची का?” या बोलण्यात दम आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. जगातले उत्तम बंदूककारागीर शेवटी लेथवालेच असतात आणि नव्या भागाच्या अभावी जुनी वस्तू जिवंत ठेवण्याचं कसब आपल्याकडे ज्या वस्त्यांनी टिकवलं, त्यांत उल्हासनगर पहिल्या रांगेत आहे. प्रश्न कसबाचा नाही, असं मला वाटतं. आपण नेमक्या कुठल्या भागाला हात लावतो आहोत आणि काम झाल्यावर ते बरोबर झालं हे कशावरून कळणार, असे ते दोन प्रश्न आहेत.

काका पहिल्या प्रश्नाला हात घालतात. “शेठ, तुमच्या दारातल्या रिक्षाच्या सीएनजी टाकीत गॅस 200 बारला भरतात. ती टाकी ठराविक मुदतीने काढून पाण्याच्या दाबाखाली तपासावी लागते, नाहीतर पंपावर गॅस मिळत नाही. बरोबर? आता .303 च्या काडतुसाला युरोपच्या प्रमाणात कमाल 3650 बार दाब धरलेला आहे. .30-06 ला 4050. रिक्षाच्या टाकीच्या अठरा-वीस पट, आणि तोही नेम धरणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर. तुमची .315 याच कुळातली. हा दाब सगळ्या रायफलीवर सारखा नसतो. काडतूस जिथे बसतं ती कोठी, नळीचा मागचा जाड भाग, नळी आणि पेटी जोडणारे आटे, बोल्ट आणि त्याला अडवणारे खांदे, एवढ्यांनीच तो झेलायचा असतो. माशी, मागचं निशाण, पट्ट्याची कडी, नळीभोवतीचं कडं यांनी काहीच झेलायचं नसतं, त्यांनी फक्त जागेवर राहायचं असतं. म्हणून ‘नळीवरचं काम’ असं सरसकट बोलू नका. माशीची बैठक बसवणं हे एक काम, आणि पेटीजवळची चीर भरणं हे दुसरं. दोन्हीला तीच गॅसची ज्योत लावाल तर ती दुरुस्ती नव्हे.”

इथे शेठना घाईने जिंकल्यासारखं वाटू शकतं: माशीवर दाब येत नाही, मग वाद संपला. संपत नाही, कारण दाब न झेलणारा भाग बसवताना दाब झेलणारा भाग बिघडवता येतो. काही रायफलींत माशीची बैठक खाचेत सरकवून पिनेने अडकवलेली असते. तिथे उष्णतेचा प्रश्नच नाही, माप आणि धीर पुरतो. काहींत ती मऊ डाखाने बसवलेली असते. कथील आणि शिसं यांचा नेहमीचा डाख 183 अंश सेल्सिअसला वितळतो आणि एवढ्या उबेने नळीच्या पोलादाचं काही बिघडत नाही. पण हात शिवशिवतात. मऊ डाख पुन्हा सुटेल म्हणून पक्कं काम करावं, चांदीचा डाख घ्यावा, नाहीतर सरळ वेल्डचा टाका मारावा, असं वाटतं. चांदीचा डाख साधारण 600 अंशांच्या पुढे वाहतो, पितळी त्याहून बराच वर. पोलादाला पाणी देऊन नंतर ज्या तापमानाला उतरवून चिवट केलेलं असतं, त्याच्या आसपास किंवा वर आपण पोचलो की त्या जागेचं पाणी उतरतं. वेल्डचा टाका तर एका ठिपक्यावर धातू वितळवतो आणि भोवतालच्या थंड धातूत तो झटक्यात गोठतो, त्यामुळे कडेला ठिसूळ कडा आणि ताण राहतो. नळीच्या तोंडाशी भिंत पातळ असली तरी दाब उतरलेला असतो, म्हणून तिथली चूक कदाचित खपून जाईल. तोच टाका मागच्या निशाणाजवळ, कोठीच्या अंगाला मारला तर खपणार नाही. जे काम सुटलं तर पुन्हा करता येतं ते कच्चं नव्हे, ते सुरक्षित असतं. या एका बाबतीत बाजाराचं ‘पक्कं काम’ आणि बंदुकीचं पक्कं काम एकमेकांविरुद्ध उभं राहतं.

शेठ ऐकतात, पण मान्य करत नाहीत. “तापमान आम्हाला शिकवू नका, काका. लोखंडाचा रंग बघून आमचा माणूस सांगतो कुठे थांबायचं. गव्हाळी, जांभळा, निळा, मग लाल. डोळ्याला सवय असते.” यावर काकांकडे जे उत्तर आहे ते कुठल्या गल्लीतलं नाही, अमेरिकेच्या सरकारी शस्त्रागारातलं आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादात त्याचं वजन सर्वांत जास्त आहे. स्प्रिंगफील्ड इथे बनणाऱ्या 1903 च्या नमुन्याच्या रायफलींच्या पेट्या 1917 मध्ये फुटू लागल्या. चौकशीत असं निघालं की घडाईच्या वेळी पोलाद किती तापलं हे अनुभवी कारागीर डोळ्याने ठरवत होते. ढगाळ दिवशी जो रंग ‘बरोबर’ दिसे तोच रंग लख्ख उन्हाच्या दिवशी फिका वाटे, म्हणून कारागीर आणखी तापवत. तापमापक लावून पाहिलं तेव्हा फरक तीनशे फॅरनहाइट अंशांपर्यंत आढळला. पोलाद जळत होतं आणि ठिसूळ होत होतं. बाहेरून पेटी सुबक, मापात, काळीभोर. 1918 मध्ये पद्धत बदलली आणि स्प्रिंगफील्डच्या आठ लाखांच्या पुढच्या क्रमांकांना नवी उष्णताप्रक्रिया लागू झाली. ती माणसं नवशिकी नव्हती. देशातल्या निवडक कारागिरांत त्यांची गणना होत होती. डोळ्यांचा दोष नव्हताच, दोष उजेडाचा होता, आणि उल्हासनगरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचं ऊन आणि पावसाळी काळोख यांतला फरक काही लहान नसतो.

शेठांची यावरची हरकत चोख आहे. “किती फुटल्या?” नोंद झालेल्या फुटलेल्या पेट्या 1917 ते 1929 या काळात 68, आणि जुन्या पद्धतीने बनलेल्या रायफली, दुसऱ्या शस्त्रागारातल्या धरून, दहा लाखांच्या घरात. “म्हणजे लाखात सहा-सात. आमच्या कल्याण-बदलापूर रस्त्यावर त्याहून जास्त माणसं मरतात.” आकडा खरा आहे आणि तो लपवणाऱ्या सुरक्षावाल्यांचा मला राग येतो. पण त्या आकड्याचा अर्थ शेठ काढतात तो नाही. त्या लाखो पेट्यांत ठिसूळ कुठली हे बाहेरून कुणालाच ओळखता येत नव्हतं. जुन्या पेट्यांना पुन्हा उष्णताप्रक्रिया देऊन सुधारण्याचा प्रयत्न झाला, तोही समाधानकारक ठरला नाही. दुरुस्तीला आलेल्या रायफलींच्या अशा पेट्या मग भंगारात काढण्यात आल्या. सैन्याने हिशेब केला तो असा की एखादी रायफल फुटण्याची शक्यता कमी आहे हे खरं, पण हातातली रायफल त्या मोजक्यांपैकी आहे की नाही हे कळण्याचा मार्ग नाही. सरासरी लाखांना लागू होते. बदलापूरच्या मालकाकडे एकच रायफल आहे. शिवाय त्या 68 पेट्या कारखान्यातून निघालेल्या होत्या, त्यांच्यावर नंतर कुणी ज्योत फिरवली म्हणून त्या फुटल्या नव्हत्या. फुटक्या नशिबात आपल्या हाताने भर घालणाऱ्याला त्या सरासरीचा आधार घेता येत नाही.

न दिसणाऱ्या चिरेची गोष्ट तर आपल्या मातीतलीच आहे, आणि अंबरनाथच्या माणसाला ती शिकवावी लागत नाही, कारण पितळी कवचं बनवणं हे त्या निर्माणीचं काम आहे. इंग्रज फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असत. न झाडताच त्यांच्या तोंडाशी चिरा पडू लागल्या. दोष दारूचा नव्हता, हाताळणीचा नव्हता. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि कवच ओढून घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण या तिघांनी मिळून ते केलं होतं. 1921 मध्ये इंग्लंडमध्ये त्याचा उलगडा नीट मांडला गेला, आणि उपाय निघाला तो घडाईनंतर हलकी ऊब देऊन ताण मोकळा करण्याचा. इथून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. धातूत ताण राहिला आहे की नाही हे हाताला कळत नाही. आणि कोकणपट्टीचा पावसाळा धातूतल्या प्रत्येक दडलेल्या उणिवेला शोधून काढतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, ते झाडल्यावर नळीत मीठ मागे राहतं, ते हवेतलं पाणी ओढतं. तेलाने ते मीठ विरघळत नाही, पाण्याने विरघळतं, पण रायफलीला पाणी लावायचं नाही अशी आपल्याकडे कडक समजूत. परिणाम असा की घरोघर तेलाने चकाकणाऱ्या नळ्यांच्या आत खड्डे पडलेले असतात. लाकडाखाली, कड्याखाली, निशाणाच्या बैठकीखाली ओल अडकते, तिथला गंज लाकूड काढल्याशिवाय दिसतच नाही. माशीची बैठक सुटली हे खरं म्हणजे दैव म्हणायचं, कारण त्यानिमित्ताने कुणीतरी तिच्याखाली पाहील.

काय पाहावं, हे काका थोडक्यात सांगतात आणि इथे शेठही त्यांच्या बाजूला झुकतात, कारण ही साधनं त्यांच्याच एमआयडीसीत आहेत. रायफल रिकामी आहे याची आधी खात्री. मग लाकूड काढून नळी पूर्ण उघडी करणं. आतून उजेड टाकून पाहिलं आणि एक काळसर कडं दिसलं तर तिथे नळी फुगली आहे. नळीत काही अडकलेलं असताना गोळी झाडली की असं होतं, आणि आपटलेल्या, चिखल गेलेल्या रायफलीत त्याची शंका धरायलाच हवी. बाहेरून चिरेसाठी लाल रंग शिरवून पुसून मग पांढरी भुकटी मारायची. रंग चिरेत राहिलेला असेल तर वर येतो. पोलादासाठी त्याहून बारकाईची चुंबकीय तपासणी असते. कोठीची खोली आणि बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या कडेमागे राहणारी फट गेजने मोजायची. एवढं केल्यावरच माशीला हात लावायचा. यात कुठेही चीर, फुगा किंवा सैल आटे निघाले, तर काम तिथे थांबतं. फुगलेली नळी ठोकून, चीर भरून, आटे घट्ट करण्यासाठी मध्ये पत्रा घालून जे केलं जातं ते लपवणं आहे. तिथे नवी नळी, तीही परवानाधारकाकडून, नाहीतर रायफलीला निवृत्ती.

“ठीक,” शेठ म्हणतात, “मग शेवटी एक गोळी झाडून पाहू. टायरला बांधू, दोरीने चाप ओढू. फुटली तर टायर जाईल.” हा उपाय इतका सर्वत्र सांगितला जातो की तो शहाणपणाचा वाटू लागतो. पण त्याने उत्तर मिळत नाही. लंडनमध्ये बंदुकांची दाबचाचणी सतराव्या शतकापासून चालू आहे, बर्मिंगहॅमचं चाचणीगृह 1813 च्या कायद्याने उभं राहिलं, आणि त्या चाचणीचा गाभा असा की काडतूस नेहमीपेक्षा जड घ्यायचं. युरोपच्या प्रमाणात रायफलीसाठी कमाल दाबाच्या साधारण सव्वापट. आधी मापं घ्यायची, झाडायचं, पुन्हा तीच मापं घ्यायची. फरक पडला तर नापास, भले काहीही फुटलेलं नसो. दुरुस्तीने मजबुती कमी झाली असेल तर इंग्लंडमध्ये चाचणीचा पहिला शिक्का गेला आणि पुन्हा चाचणी आली. आपल्याकडच्या साध्या काडतुसाच्या एका बाराने एवढंच कळतं की ती त्या एका बाराला टिकली. एखादी चीर त्याच बाराने थोडी लांबलेली असेल, आणि पुढची गोळी टायरवर नव्हे, खांद्यावर असेल. खुद्द इशापूरने 1960 च्या दशकात जुन्या .303 च्या आराखड्यावर 7.62 ची रायफल काढली, तेव्हाही ‘जुनी टिकतेच आहे’ यावर भागवलं नाही. वाढलेल्या दाबासाठी पोलाद सुधारून घेतलं.

आता कायदा. याबद्दल शेठ हात झटकतात, पण इथे झटकून चालत नाही. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 5 बंदूक बनवणं आणि विकणं यांच्याच ओळीत दुरुस्त करणं आणि चाचणी करणं हेही ठेवतं. दोन्हींना परवाना लागतो, आणि दुरुस्तीसाठी जवळ बाळगायलाही लागतो. कलम 6 प्रमाणे नळी आखूड करायला वेगळा परवाना हवा, म्हणजे ‘तोंड खराब झालंय, इंचभर कापून नवीन माशी बसवू’ हा बाजारातला सर्वांत सोपा सल्ला हा सर्वांत धोक्याचा सल्ला आहे. मालकाकडे बाळगायचा परवाना आहे म्हणून लेथवाल्याला हक्क मिळत नाही. कलम 3 एवढी सवलत देतं की परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला रायफल दुरुस्तीला नेता येते. नेता येते, करता येत नाही. शेठांना यात अपमान वाटतो: ज्याला धातू कळतो त्याला मनाई आणि ज्याच्याकडे कागद आहे त्याला मुभा. मला ही तक्रार अर्धी पटते. कागद हाताला कौशल्य देत नाही, हे उघड आहे. पण कागदामुळे कामाला नाव लागतं. कुणी, कुठल्या क्रमांकाच्या रायफलीवर, काय केलं याची वही राहते. माशी पुन्हा सुटली किंवा नळी फुटली तर विचारायला माणूस असतो. शेडमधल्या बिनपावतीच्या कामात कारागीर कितीही चांगला असो, तो नाहीसा होऊ शकतो.

राहिलेली अर्धी तक्रार मात्र काकांनाही खोडता येत नाही. शेठ विचारतात, “परवान्याचा दुरुस्तीवाला शोधायचा कुठे? जुने हात गेले, पोरं त्या धंद्यात येत नाहीत, आणि तुमची दाबचाचणी करायची तर माल बंगालमधल्या इशापूरला पाठवायचा. मग माणूस आमच्या दारात येणारच.” हे खरं आहे, आणि कायदा कितीही चोख असला तरी पोकळी राहिली की तिच्यात शेड उभी राहते. म्हणून माझं म्हणणं शेठांविरुद्ध जातं, पण काकांच्या कारखान्यालाही ते मोकळं सोडत नाही. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथची आयुध निर्माणी नागपुरात मुख्यालय असलेल्या यंत्र इंडियाकडे गेली, शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. कंपन्या झाल्या म्हणजे बाहेरचं काम मिळवायचं हे आलंच. चिरा शोधण्याची उपकरणं, गेज, मोजमापाची शिस्त आणि ‘नाही’ म्हणण्याची सवय या एका गावात आहे. नागरी परवान्याच्या जुन्या रायफलींसाठी महिन्यातून एक दिवस फी घेऊन तपासणीची खिडकी तिथे उघडायला काय हरकत आहे? दुरुस्ती नको, फक्त तपासणी आणि क्रमांकासह लेखी शेरा: योग्य, अयोग्य, किंवा अमुक भागाला हात लावू नये. ठाणे पोलीस आयुक्तालयाने परवाना नूतनीकरणाला तो शेरा जोडायला सांगितलं, तर शेठांच्या दारात येणारी रायफल आपोआप योग्य दारी वळेल. आणि शेठांच्या पोराने दुरुस्तीचा परवाना मागितला तर तो त्याला मिळावा, कारण परवानाधारक म्हणून त्याच्याइतका लायक माणूस शोधूनही सापडायचा नाही.

तोवर ज्यांच्या घरी अशी रायफल आहे त्यांना एवढंच सांगायचं आहे की माशी सैल असेल तर रायफल झाडू नका, घरी तापवू नका, नळी कापू देऊ नका. परवाना आणि अधिकारपत्र घेऊन परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे द्या, लाकूड उतरवून नळी तपासायला सांगा आणि काय केलं ते लिहून घ्या. ‘ही आता झाडण्याजोगी नाही’ असं उत्तर आलं, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते.